परक्या ध्वजाचा जावई

मुलीने स्वतःचे लग्न ठरवून मुलाला घरी आणले, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो गावाचा, जातीचा किंवा पगाराचा नव्हता. तो मालवाहू जहाजावर अधिकारी आहे एवढे मुलीने सांगितले होते. मी विचारले, जहाज कोणत्या ध्वजाचे? त्याने एका छोट्या देशाचे नाव घेतले. तो देश त्याने पाहिलेला नव्हता; त्याच्या जहाजाच्या मालकानेही बहुधा पाहिला नसावा. कर कमी आणि कटकटी कमी म्हणून जगभरचे जहाजमालक आपली जहाजे तिथल्या दप्तरात नोंदवतात आणि तिथला झेंडा लावून फिरतात. मी विचारले, आपल्या देशाच्या जहाजावर का नाही? तो शांतपणे म्हणाला की आपल्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजांवर पगार कमी मिळतो आणि मिळतो त्यावर करही भरावा लागतो. उत्तर खरे होते, म्हणून मला अधिकच राग आला. मी त्याला किनारी वाहतुकीचा कायदा पहिल्या कलमापासून समजावू लागलो, तेव्हा पत्नीने पोह्यांची बशी त्याच्याऐवजी माझ्याच हातात दिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, जावई बघायचाय की झेंडावंदन करायचंय?"

माझ्या रागाला कारण होते. बेलापूरच्या एका जहाज कंपनीत मी नोकरीभर कायद्याचे टेबल सांभाळले. आमची जहाजे लहान, जुनी आणि सगळी भारतीय ध्वजाची. नियम असा की देशाच्या एका बंदरात भरलेला माल देशाच्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचा असेल, तर ते काम आधी भारतीय जहाजाचे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला ते करायचे असेल तर सरकारचा परवाना हवा, आणि परवाना निघतो तो भारतीय जहाज मिळत नसेल तरच. व्यवहारात हे असे चालते: ज्याचा माल असतो त्याचा दलाल सगळ्या भारतीय जहाजमालकांना चौकशी पाठवतो. कोणता माल, कुठून कुठे, कोणत्या तारखांना भरायचा. मालकांनी ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचे. "आमचे जहाज उपलब्ध आहे" असे एकाने जरी लिहिले तरी परदेशी जहाजाची वाट अडते. सगळ्यांनी हरकत नाही म्हटले, किंवा कोणी काहीच म्हटले नाही, की परवाना सुटतो. अलीकडे कायदा नवा झाला, कंटेनर आणि आणखी काही मालाला तर त्याआधीच सूट मिळालेली होती. पण माझ्या टेबलावरून जाणाऱ्या मालापुरती, म्हणजे लोखंड, कोळसा, सिमेंट यांच्यापुरती, आधी आपले आणि मग परके ही रांग मी होतो तोवर आणि त्यानंतरही तशीच राहिली.

चौकशीला उत्तर लिहिणे हे माझे काम. परदेशी जहाज स्वस्त पडते हे मला ठाऊक होते. त्याच्या मालकाला इथले कर भरावे लागत नाहीत आणि इथल्या चढ्या व्याजाचे कर्जही घ्यावे लागत नाही. पण भाडे परवडेना म्हणून उद्या ती परदेशी जहाजे दुसऱ्या समुद्रावर निघून गेली, तर आपल्या किनाऱ्यावर आपले म्हणायला काय उरेल, हा प्रश्न मी सरकारला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारीत असे. त्याचे उत्तर मला कधीही आले नाही.

निवृत्तीनंतर नेरूळच्या घरी बसून मी पत्रे लिहीत राहिलो. महापालिकेला, वीज कंपनीला, सोसायटीच्या सचिवाला आणि अर्थातच जहाजांना परवाने देणाऱ्या कार्यालयाला. माझे दोन नियम होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला प्रत पाठवल्याशिवाय पत्र टाकायचे नाही. पाठीमागे केलेल्या तक्रारीला मी चहाडी समजतो. आणि विषयात माझा स्वतःचा काही लाभ असेल, तर तो पहिल्याच परिच्छेदात सांगायचा. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिताना मी "माझे घर सर्वात वरच्या मजल्यावर आहे" असे आधी नमूद केले होते. सचिवाने सभेत माझ्या सबंध पत्रातले तेवढेच वाक्य वाचून दाखवले आणि टाकी तशीच राहिली. तरीही नियम मी सोडले नाहीत.

लग्नानंतर काही वर्षांनी मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. त्याआधी एकदा तिचे मूल पोटातच गेले होते. तेव्हा जावई समुद्रावर होता; बातमी त्याच्यापर्यंत पोचली, त्याला येता आले नाही. इस्पितळात तिचे दोन्ही हात आम्ही दोघांनी धरले होते, पण ती सारखी दाराकडे पाहत होती. ते पाहणे मी विसरलेलो नाही. या खेपेला तिने एकच गोष्ट मागितली, आणि तीही मला नाही. आई तिच्या केसांना तेल लावत असताना ती म्हणाली, "या वेळी तो इथे असायला हवा, आई. बाकी मला काही नको." मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. पुढे बराच वेळ मी पान उलटले नाही.

जावयाचे जहाज त्या वेळी पूर्व किनाऱ्यावर पारादीपला परदेशातून आणलेला माल उतरवत होते. त्याच्या जागी जाणारा अधिकारी अजून मुंबईत एक सक्तीचे प्रशिक्षण पुरे करीत होता, म्हणून पारादीपला जावयाला सोडायला त्याची कंपनी तयार नव्हती. पण एक शक्यता निर्माण झाली होती. पारादीपहून पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या मुंबई बंदरात आणायच्या होत्या. तिथून त्या ट्रेलरवर चढून कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाणार होत्या. मालाच्या मालकाला त्यासाठी जावयाचेच जहाज हवे होते, कारण ते तिथे रिकामे होऊन उभे राहणार होते. परवाना मिळाला तर जहाज मुंबईला येणार, जावई इथे उतरणार आणि बाळंतपणाच्या आधी घरी पोचणार. नाही मिळाला तर जहाज रिकामेच इंडोनेशियाला कोळसा भरायला जाणार, आणि जावई त्याच्याबरोबर.

"मिळेल ना बाबा परवाना?" मुलीने विचारले. "तुम्हाला तर त्यातलं सगळं माहीत असतं."

मला सगळे माहीत होते, हीच अडचण होती. बघू, एवढेच मी म्हणालो.

त्याच सुमारास एके दुपारी तिला डॉक्टरांना दाखवून आम्ही नेरूळ स्टेशनाबाहेर रिक्षासाठी उभे होतो. एक रिक्षा कोणाला तरी सोडून वळत होती. मुलगी बसायला पुढे झाली, तसा स्टँडवरचा एक म्हातारा रिक्षावाला, सारसोळे गावातला, हातातला चहाचा ग्लास सांभाळत आडवा आला.

"ताई, त्यान बसू नको. ती भायेरची हाय. सोराला येवदे, पन उचलाची नाय."

बाहेरच्या रिक्षाने इथे प्रवासी सोडावा, घ्यायचा नाही, असा स्टँडचा नियम. मग तुम्ही चला, मी म्हटले. पण रांगेत त्याचा नंबर नव्हता. नंबर ज्याचा होता तो जेवायला गेला होता आणि आता येईलच, असे त्याने सांगितले. बाहेरचा रिक्षावाला खांदे उडवून रिकामा निघून गेला. मुलगी पोटावर हात ठेवून उन्हात उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हाच ना तुमचा कायदा?"

मी संतापून म्हणालो की हा कायदा नव्हे, ही दादागिरी आहे. कायद्यात रांगेतला पहिला माणूस जागेवर हजर असावा लागतो.

"आणि तो जेवायला गेला असेल तर?"

तोवर म्हाताऱ्याने तिला आपल्या रिक्षात सावलीला बसवले, स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले आणि कितवा महिना म्हणून विचारपूस केली. त्याची सूनही तितक्याच महिन्यांची गरोदर होती. जेवायला गेलेला माणूस येईपर्यंत तो तिला वारा घालत उभा राहिला, पण स्टँडचा नियम मात्र त्याने मोडला नाही. त्याच्यावर रागवावे की त्याचे आभार मानावे हे मला कळले नाही, आणि मी दोन्ही थोडे थोडे केले.

मग जावयाने जहाजावरून कळवले की चौकशीला उत्तर आले आहे. एका भारतीय कंपनीने आपले जहाज उपलब्ध असल्याचे लिहिले आहे. कंपनी माझीच, जुनी.

माझ्या टेबलावर आता जी बसते ती माझ्या हाताखाली शिकून तयार झालेली. कॉलेज संपवून ती आली तेव्हा चौकशीचा कागद उलटा धरायची. आता तिच्या सहीने जहाजे अडतात. मी तिला फोन केला. उत्तर तूच लिहिलेस का, विचारले. हो म्हणाली. जहाज कुठे आहे, विचारले.

"सर, हे मला विचारू नका."

"का?"

"तुम्हाला मी खोटं सांगू शकत नाही. आणि खरं सांगायला मालकांनी मला ठेवलेलं नाही." मग ती म्हणाली, "ड्राफ्ट तुमचाच आहे, सर. एक शब्द बदललेला नाही."

मी म्हटले, मी तो लिहीत असे तेव्हा जहाज पाण्यावर असे. मी तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

फोनवर जहाजांचे ठिपके दाखवणारी एक सोय आहे. सकाळी उठून मी आधी ती पाहतो, यावरून पत्नी मला कायम टोमणे मारते. जुन्या कंपनीच्या त्या जहाजाचा ठिपका करंजाच्या खाडीत होता आणि हलत नव्हता. परंतु ठिपका हा पुरावा नव्हे. मी नेरूळहून गाडीने उरणला गेलो, तिथून करंजाला, आणि रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो. खाडीच्या मध्यावर आल्यावर ते जहाज दिसले. माल भरायच्या पोटाची लोखंडी झाकणे काढून खाडीच्या काठावर रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर गवत उगवले होते. पोलाद न्यायचे तर झाकणे घट्ट बसावी लागतात. खारे पाणी आत गेले की गुंडाळ्या गंजून निकामी होतात. मी फोटो काढू लागलो. शेजारी टोपली मांडीशी घेऊन एक कोळीण बसली होती.

"बाबा, त्या गंजल्या जहाजाचा फोटू काय काडता?" ती म्हणाली. "आमचा काडा. आमी हसू तरी."

लाँच हसली. मी तिचाही फोटो काढला आणि ती खरोखरच हसली. मग मी फोन पुन्हा जहाजाकडे वळवला. ज्या हक्कासाठी मी आयुष्यभर भांडलो त्याची ही अवस्था करून ठेवली होती. राखीव जागा अडवायची, स्वतः बसायचे नाही, दुसऱ्याला बसू द्यायचे नाही, आणि शेवटच्या दिवशी तांत्रिक अडचण आल्याचे कळवून हात झटकायचे. परदेशी जहाजांनी आमचे जेवढे नुकसान केले नाही तेवढे "आमचे जहाज उपलब्ध आहे" या एका वाक्याने केले, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

परतीच्या वाटेवर मात्र दुसऱ्याच विचाराने मला घेरले. या खोट्या उत्तराविरुद्ध मी लिहिले, ते उत्तर फेटाळले गेले आणि परवाना सुटला, तर माझा जावई घरी येणार होता. आजवर कायद्याने मला जे जे मागायला लावले त्यात माझ्या घराला काही मिळणार नव्हते. यात मिळणार होते. आणि ते मला इतके हवे होते की माझा माझ्यावर विश्वास उरला नाही.

मी पत्र कागदावर लिहिले. माझी पत्रे मुलगीच लॅपटॉपवर उतरवून पाठवत असे. जेवणाच्या टेबलाशी उशी पाठीला लावून ती बसली आणि पहिल्याच परिच्छेदाशी थांबली. तिथे मी लिहिले होते की ज्या परदेशी जहाजाच्या परवान्याचा हा प्रश्न आहे त्यावर माझा जावई अधिकारी आहे, माझी मुलगी गरोदर आहे, आणि परवाना मिळाल्यास आमच्या कुटुंबाचा लाभ होणार आहे. तरी माझ्या म्हणण्यावर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष जहाजाची तपासणी करावी.

"हे कशाला, बाबा? फोटो खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"मग ते बोलतील. आपण कोण आहोत हे त्यांना कशाला सांगायचं?"

मी म्हणालो, उद्या हे त्यांना दुसऱ्याकडून कळले तर फोटोही खोटे ठरतील. मग तिने ते वाक्य उतरवले, जरा जोरात बोटे आपटत. शेवटी जिथे प्रत कोणाला ते लिहिलेले असते तिथे जुन्या कंपनीच्या मालकांचे पद वाचून तिने आईला हाक मारली. पत्नी हात पुसत आली, वाकून वाचले आणि म्हणाली, "चोराला आधी कळवून मग पोलिसांत जायचं. हे तुम्हीच करू जाणे."

पत्र गेले. थोड्या दिवसांनी परवाना कार्यालयातून एका अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस सभ्य होता. माझी पूर्वीची पत्रे त्याने वाचलेली होती, असे त्याने सांगितले. कोणत्या सुरात ते मी लिहीत नाही. तो म्हणाला, "साहेब, तुमचे जावई त्याच जहाजावर आहेत असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या पत्रावर मी तपासणी लावली तर उद्या समोरचे माझ्याकडेच बोट दाखवतील." मी त्याला म्हटले की फोटो तरी पाहा. ते पाहिल्याचे त्याने कबूल केले आणि पत्र नोंदून ठेवल्याचे सांगितले. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते, आणि या एका कारणाने मी त्याच्यावर नीट रागावूही शकलो नाही.

जावयाचे जहाज पारादीपबाहेर नांगर टाकून थांबले होते. मुलगी रोज विचारीत नसे. मी चष्मा लावून फोन हातात घेतला की ती जवळ येऊन बसे. एका सकाळी करंजाचा ठिपका हलला. मला आधी वाटले फोन बिघडला. दुसऱ्या सकाळी तो रत्नागिरीच्या खाली होता, मग गोव्याच्या, मग कन्याकुमारी ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे. झाकणे बसली होती, तपासणीचे प्रमाणपत्र निघाले होते, आणि ते म्हातारे जहाज माल भरायच्या तारखा गाठायला निघाले होते. भारतीय जहाज मुदतीत पोचते आहे हे पाहून मला वाईट वाटावे, अशी वेळ आयुष्यात कधी आली नव्हती.

परवाना नाकारला गेला. जावयाच्या ठिपक्याने पूर्वेकडे तोंड केले. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला, ठिपका बोटाने मोठा करून पाहिला, आणि फोन परत दिला.

"गेला," ती म्हणाली.

तिची प्रसूती वाशीच्या इस्पितळात झाली. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. या खेपेला ती दाराकडे पाहत नव्हती. ते मला जास्त लागले. परिचारिकेने बाळ तिच्या छातीशी ठेवले, तेव्हा पत्नीने फोन समोर धरला आणि जहाजावरून जावई दिसला. चित्र मध्येच थांबत होते, पुन्हा चालू होत होते. तो बाळाला काही म्हणण्याऐवजी सारखे मुलीचेच नाव घेत होता. तिने डोळे मिटून ऐकले. मी खोलीबाहेर येऊन उभा राहिलो.

बाळाला घेऊन नेरूळला परतताना महामार्गावर आमच्या पुढे एक ट्रेलर चालला होता. त्यावर साखळ्यांनी जखडलेल्या पोलादाच्या गुंडाळ्या होत्या आणि तोंड कळंबोलीकडे होते. त्या कोणत्या जहाजातून आल्या हे कळायला मार्ग नव्हता. तरी मी काच खाली करून त्यांच्यावरची चिठ्ठी वाचता येते का ते पाहू लागलो. पत्नीने मागून माझा सदरा धरला आणि सांगितले की गाडीत तान्हे मूल आहे, धूळ आत येते. मी काच वर केली.

बारशाच्या आधी माझी जुनी सहकारी बाळंतविडा घेऊन आली. तिने स्वतः विणलेले टोपडे आणले होते. मुलगी आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. आम्ही बाहेर बसलो. चहा झाल्यावर ती सांगू लागली. माझी प्रत मालकांच्या टेबलावर पोचली तेव्हा त्यांनी ती भिरकावून दिली होती. हा म्हातारा थांबणार नाही, कोणाला ना कोणाला बोटीत घालून तपासणीला नेईलच, असे म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्यांना दुप्पट माणसे लावायला सांगितली आणि तिलाच करंजाला देखरेखीला बसवले. घरी बसलेले खलाशी पुन्हा कामावर बोलावले गेले. त्यातला एक दापोलीकडचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, वर चढून झाकणावर हात ठेवून रडला, असे तिने सांगितले.

"नाहीतर काय होणार होतं?" मी विचारले.

"नेहमीचंच, सर. शेवटच्या दिवशी अडचण कळवायची, मग परवाना सुटतो. मालवाल्याला ते माहीत होतं, परवानावाल्यांना माहीत होतं. परदेशी जहाज उगाच थांबलं नव्हतं बाहेर. तुमची प्रत आली नसती तर आमचं जहाज हललंच नसतं."

आतल्या खोलीचे दार उघडे होते. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"म्हणजे बाबांनी काहीच लिहिलं नसतं," ती म्हणाली, "तर तो आला असता."

सहकारी कपात पाहू लागली. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. उत्तर देणे माझ्याकडे आले.

"आला असता," मी म्हणालो.

मुलगी वळली आणि तिने दार लोटून घेतले. आपटले नाही, बाळ झोपत होते.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर मला सोपे गेले असते. भांडणात मी मुरलेला आहे. ती माझे पान वाढत होती, औषधाची डबी समोर ठेवत होती, पण बोलायचे ते आईला सांगत होती आणि आई मला. बाळाला माझ्याकडे आईच देत असे, तेही मुलगी आंघोळीला गेली म्हणजे. मी त्या दिवसांत कोणालाही पत्र लिहिले नाही. सोसायटीच्या सचिवाने जिन्यात थांबवून तब्येतीची चौकशी केली.

मी स्वतःला पुष्कळदा विचारले की पुन्हा वेळ आली तर ते वाक्य आणि ती प्रत मी गाळीन का. उत्तर दर वेळी एकच आले, आणि ते घरात सांगण्यासारखे नव्हते. त्या जहाजावरची माणसे कामाला लागली, माल आपल्या जहाजातून आला, कायद्यात लिहिले होते तसेच आयुष्यात एकदा तरी घडले. तो कायदा सुखरूप राहावा म्हणून मी हयात घालवली होती. आणि आतल्या खोलीत माझी मुलगी एकटीच बाळाचे लंगोट बदलत होती.

काही आठवड्यांनी जावई आला. दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरून, विमानाने. दारातच त्याने पिशव्या टाकल्या आणि बाळाला असे धरले की जणू ते काचेचे आहे. सासू त्याला पाठ टेकून बसायला सांगत होती, तो ऐकत नव्हता. दुपारच्या जेवणानंतर आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. जावयाला सगळी हकीकत अर्थातच ठाऊक होती. तो बाळाच्या मुठीकडे पाहत, मान वर न करता म्हणाला, "बाबा, एक सांगू? मी नसतं लिहिलं ते."

त्याच्या आवाजात तिरस्कार नव्हता. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला सांगावे तसे त्याने सांगितले. मी उत्तर जुळवू लागलो. माझ्याकडे उत्तर होते आणि ते चांगले होते. पण त्याआधीच मुलीने घडी घातलेले झबले खाली ठेवले.

"तू गप्प बस," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांवर चिडायचं ते मी चिडेन. तुला कोणी विचारलेलं नाही."

पत्नीने तोंड पदरात लपवले. मुलगी उठली, त्याच्या हातातून बाळ काढून घेतले आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली.

"हात धुतलेत?"

मी धुतलेले होते. तरी उठलो, आत जाऊन साबणाने पुन्हा धुतले, कोरडे केले, आणि ओंजळ पुढे धरून परत येऊन बसलो.